आधी विचारा, मग सुई टोचा!

बालमित्रांनो, समजा, उद्या बिरवाडीच्या एखाद्या शाळेत पांढरे कोट घातलेली चार माणसं आली. म्हणाली, "आम्हांला मुलांच्या रक्ताचा अभ्यास करायचाय. बाह्या वर करा नि रांगेत उभे राहा!" तुम्ही काय कराल? निमूटपणे हात पुढे कराल, की विचाराल, "कशासाठी?"

विचारायलाच हवं, बरं का! हा आगाऊपणा नव्हे, हा तुमचा हक्क आहे.

हा हक्क मात्र सहज मिळालेला नाही. अमेरिकेत टस्कीगी नावाचं गाव आहे. त्या भागात १९३२ साली सरकारी डॉक्टरांनी सुमारे ४०० आजारी, गरीब कृष्णवर्णीय माणसांचा अभ्यास सुरू केला. त्यांना खरा आजार कोणता, हे सांगितलंच नाही. पुढे त्यावर पेनिसिलिन मिळू लागलं, तेही दिलं नाही. उपचारांशिवाय आजार कसा वाढतो, हेच तर त्यांना बघायचं होतं! १९७२ मध्ये वर्तमानपत्रांतून ही गोष्ट बाहेर आली, तेव्हा जग हादरलं. चाळीस वर्षं मोठमोठ्या शिकलेल्या लोकांनी सगळं ठरवलं. ज्यांच्या जिवाचा प्रश्न होता, त्यांना कुणी काही विचारलंच नाही.

आता आपल्या गडचिरोलीत येऊ. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग तिथे १९८६ पासून काम करताहेत. सुरुवातीला त्यांनी सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा अभ्यास केला. पण हा प्रश्न आम्ही निवडला होता, लोकांनी नव्हे, असं डॉ. अभय बंग पुढे सांगत आले. मग त्यांनी लोकांनाच विचारायला सुरुवात केली. दवाखाना कसा हवा? आदिवासी म्हणाले, मोठ्या इमारतीची भीती वाटते. आमच्या गावासारखा हवा, नातेवाइकांना सोबत राहता यावं. म्हणून झोपड्यांसारख्या खोल्यांचा दवाखाना उभा राहिला. त्याला नाव मिळालं लोकांच्या देवीचं, माँ दंतेश्वरी! पुढे ३९ गावांत, गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरीच काळजी घेतली गेली. बाळांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या प्रसिद्ध नियतकालिकात हे छापून आलं.

आज भारतात माणसांवर संशोधन करायचं, तर आधी नैतिकता समितीची परवानगी लागते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, की या समितीत डॉक्टर आणि कायदा जाणणारे यांच्याबरोबर एक सामान्य माणूसही हवा. स्थानिक भाषा नि रीतभात जाणणारा. तो काय करतो? संमतीपत्रक आपल्या लोकांना कळेल अशा भाषेत आहे का, हे बघतो. धोका किती, फायदा कुणाचा, हे रुग्णाच्या बाजूनं विचारतो. डॉक्टरांना न सुचलेला प्रश्न कधीकधी त्यालाच सुचतो!

आणि तुमचं काय? आईबाबांची संमती तर लागतेच. पण सात वर्षांपुढच्या मुलाला त्याला समजेल असं सांगून त्याचंही मत घ्यायचं. बारा वर्षांपुढे ते लेखी घ्यायचं. मूल 'नको' म्हणालं, तर सहसा त्या 'नको'ला मान द्यायचा.

पालकहो, असा कागद घरी आला, तर सही करण्यापूर्वी मुलांसोबत बसून वाचा. चार प्रश्न जरूर विचारा: हे कशासाठी? त्रास काय होईल? मधेच थांबता येईल का? निष्कर्ष आम्हांला कळवणार का?

मुलांनो, संशोधन हवंच! लसी नि औषधं त्यातूनच आली. पण या आठवड्यात एक काम करा. आपल्या गावात आरोग्याचा कोणता अभ्यास व्हायला हवा, हे आजी-आजोबांना, शेजारच्या काकूंना, गावातल्या आशाताईंना विचारा नि वहीत लिहा. प्रत्येकाचं उत्तर वेगळं येतं की नाही, बघा हं!