विश्लेषण : भोर-वेल्ह्यात घर बांधताय? चौक शोभेला नको, कामाला हवा!

पुण्यापासून दीड-दोन तासांवरच्या भोर आणि वेल्हे (राजगड) तालुक्यांत सध्या घरांची बांधकामे जोरात आहेत. एकीकडे शहरातून येणाऱ्यांची फार्महाऊस, दुसरीकडे गावकऱ्यांची घरकुले. ‘पर्यावरणपूरक घर’ आणि ‘वाडा स्टाइल चौक’ हे शब्द जाहिरातींत हमखास दिसतात. पण मोठाल्या काचा, एसी आणि मधोमध नावापुरता चौक असलेले घर पर्यावरणपूरक कसे?

चौक नेमके काय काम करतो?

भोर शहरातच उत्तम उदाहरण आहे. पंतसचिवांचा १८६९ मधला राजवाडा अनेकांना चित्रपटांमुळे माहीत आहे. पण त्याचे चौक पाहण्यासारखे आहेत ते वेगळ्या कारणासाठी. रात्री उघड्या आभाळाखाली चौकाची फरशी निवते, थंड हवा खाली साचते आणि भोवतीच्या सोप्यांत शिरते. दिवसा तापलेली हवा वर निघून जाते. जाड भिंती ऊन आत पोहोचायला वेळ लावतात. चौकातून सगळ्या खोल्यांना उजेड मिळत असल्याने बाहेरच्या भिंतींना मोठ्या खिडक्यांची गरज उरत नाही. चौसोपी वाड्याचे गणित इतके साधे आहे.

मग सगळीकडे उघडा चौक चालेल?

नाही. इथेच अनेक आराखडे फसतात. भोरच्या पूर्वेकडे, महामार्गाच्या बाजूला, पाऊस बेताचा. पश्चिमेला घाटमाथ्याकडे सरकू तसा तो कित्येक पटींनी वाढतो. पूर्वेकडे उघडा चौक उत्तम. तोरणा-राजगडाच्या पलीकडे मात्र तोच चौक चार महिने ओल, शेवाळ आणि वाऱ्यासोबत आत येणारी झड देतो. तिथे उंच जोते, उतरती कौले, रुंद पडवी आणि वरून झाकलेला, पण बाजूंनी हवा खेळती ठेवणारा चौक हवा. एकाच तालुक्यात दोन आराखडे लागतात, हे वास्तुविशारदाला सांगायला संकोचू नका.

पाण्याचे काय?

धरणांचा तालुका असूनही उन्हाळ्यात इथल्या काही गावांना टँकरची वाट पाहावी लागते. चौकाचा खरा उपयोग इथे आहे. १०० चौरस मीटर छपरावर १,००० मिलिमीटर पाऊस पडला, तर १ लाख लिटर पाणी पडते. गळती-वाया जाणे वजा करून ८० हजार धरा. जलजीवन मिशनच्या माणशी रोज ५५ लिटर या हिशेबाने पाच जणांना दिवसाला २७५ लिटर लागतात. चौकाखाली ४ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि २ मीटर खोल टाकी बांधली, तर ३२ हजार लिटर साठते, म्हणजे जवळपास ११६ दिवसांचे पाणी. फेब्रुवारीच्या मध्यापासून पाऊस सुरू होईपर्यंतची सोय झाली. छपरांचे उतार चौकाकडे असतील, तर पन्हळीही कमी लागतात. मात्र पहिल्या पावसाचे पाणी बाहेर काढण्याची, टाकी झाकण्याची आणि जादा पाणी वाहून नेण्याची सोय हवीच.

खर्च वाढतो का?

चौकामुळे भिंतींची लांबी वाढते, हे खरे. पण परिसरातला काळा दगड, उतरवलेल्या जुन्या घरांचे सागवान आणि कौले पुन्हा वापरली, तर काही भार हलका होतो. डोंगर फोडून सपाटी करण्याऐवजी उताराप्रमाणे जोते पायरी-पायरीने बांधावे. डोंगरउतारांशी खेळण्याची किंमत काय असते, हे २०१४ मध्ये पुणे जिल्ह्यातल्याच माळीणने दाखवले आहे. जमीन घेण्याआधी बिगरशेती, तुकडेबंदी आणि पीएमआरडीएच्या हद्दीची खातरजमा करावी, हे वेगळे सांगायला नको.

चौक फक्त पैसेवाल्यांचा?

मूळ प्रश्न हाच आहे. केंद्राच्या ग्रामीण आवास योजनेत घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर. एवढ्यात चौक बसत नाही. पण चार घरकुले एकमेकांना पाठमोरी न बांधता मधल्या मोकळ्या जागेकडे तोंड करून बांधली, तर? तुळस, वाळवण, म्हाताऱ्यांची दुपार, पोरांचा खेळ आणि सामाईक टाकी, सगळे एका अंगणात येते. जागा एकमेकांना लागून असलेल्या भावकीत हे अशक्य नाही. मंजुरी प्रत्येकाला स्वतंत्र मिळते, आराखडा मात्र एकत्र करता येतो. ग्रामपंचायतीने पुढाकार घेऊन असे नमुना आराखडे तयार ठेवायला हवेत.

फार्महाऊसचा चौक वर्षातले काही शनिवार-रविवार वापरला जाईल. घरकुलाचे अंगण मात्र रोज. म्हणून चौकाची चर्चा आधी तिथे व्हायला हवी.