नवा सीझन, तेच मांजर

मंडळी, पोकेमॉनच्या स्पर्धांसाठी नवा नियमसंच जाहीर झाला रे झाला की याद्यांचा पाऊस सुरू होतो. 'या सीझनचे टॉप टेन', 'हे सहा घ्या आणि जिंका' वगैरे वगैरे. कृती ठरलेली असते. प्रत्येक प्राण्याचे आकडे काढायचे, मोठ्या आकड्यांवरून क्रम लावायचा, झाली यादी तयार!

माझं मत जरा वेगळं आहे आणि या विकांताला तेच सविस्तर लिहायचं म्हणतोय. नव्या सीझनचं भाकीत करताना आधी प्राण्यांकडे बघूच नये. आधी कामांकडे बघावं. संघात कुठली कामं होणं भाग आहे हे कळलं, की ती कोण करणार हे बऱ्याच अंशी आपोआप कळतं.

ज्यांना पोकेमॉन म्हटलं की फक्त टीव्हीवरचा पिकाचू आठवतो, त्यांच्यासाठी थोडक्यात. अधिकृत स्पर्धा दोन विरुद्ध दोन अशी असते. तुम्ही सहा प्राणी घेऊन जाता, समोरच्याचे सहा बघता आणि त्यातले चार निवडता. पहिले दोन मैदानात, उरलेले दोन राखीव. आता आमच्या धंद्यातली खोड म्हणून जरा गणित करू. सहांतून सुरुवातीचे दोन निवडायचे १५ मार्ग, उरलेल्या चारांतून राखीव दोन निवडायचे ६. म्हणजे एका खेळाडूकडे ९० पर्याय आणि दोघांचे मिळून ८,१००. हे पहिली चाल खेळायच्या आधीचं! त्यामुळे 'सर्वात ताकदवान प्राणी कोण' हा प्रश्नच मुळात अर्धवट आहे. कोणाबरोबर आणि कोणासमोर, हे कोण सांगणार?

क्रिकेटची खेळपट्टी न बघता अकरा जण निवडणाऱ्या कर्णधाराला आपण काय म्हणू? नियमसंच ही आपली खेळपट्टी. आणि तो वाचायची माझी पद्धत म्हणजे नव्या आवृत्तीच्या रिलीज नोट्स वाचायची पद्धत. नवीन काय आलं हे सगळेच वाचतात. काय काढून टाकलं हे नीट वाचणारे थोडे. आणि खरी गंमत तिथेच असते.

उदाहरण घेऊ. स्कार्लेट आणि व्हायोलेट या खेळांत सप्टेंबर २०२४ पासून 'रेग्युलेशन एच' लागू झालं. त्याआधीच्या नियमांत संघात एक महाबली चालत होता, शिवाय फ्लटर मेन, उर्शिफू, टॉर्नेडस वगैरे मातब्बर होतेच. 'एच'ने लेजेंडरी, मिथिकल आणि पॅराडॉक्स असे सगळेच एका फटक्यात बाहेर काढले. म्हणजे दरबार बरखास्त, सरदार घरी!

आता यादीवाले काय करणार? उरलेल्यांत सर्वात मोठी बेरीज कोणाची ते बघणार. आर्कलुडॉन ६००, ड्रॅगोनाइट ६००, छान. पण आपण कामांकडे बघू.

पहिलं काम म्हणजे वेग. दोघांच्या लढाईत आधी कोण मारतो यावर निम्मा निकाल ठरतो. टेलविंडने आपल्या बाजूचा वेग चार फेऱ्या दुप्पट होतो. ट्रिक रूममध्ये पाच फेऱ्या सगळं उलटं, जो हळू तो आधी. आधीच्या सीझनमध्ये टेलविंडचा ठेका टॉर्नेडसकडे होता, कारण त्याच्या प्रँकस्टर क्षमतेमुळे ते सगळ्यांच्या आधी लागायचं. टॉर्नेडस गेला, पण काम कुठे गेलं? तीच क्षमता असलेला विम्सिकॉट होताच की. त्याची बेरीज फक्त ४८०. आकड्यांच्या यादीत तो पहिल्या पन्नासांतही येणार नाही. कामांच्या यादीत मात्र पहिल्या पानावर.

दुसरं काम म्हणजे समोरच्याचा श्वास कोंडणं. इथे येतं आपलं लाडकं मांजर, इन्सिनरोअर. त्याच्याविषयी थोडं जास्त लिहितो, कारण माझ्या मताचा सर्वात भक्कम पुरावा तेच आहे. हे मांजर २०१६ साली सन आणि मून या खेळांत आलं. आकडे ठीकठाक, बेरीज ५३०, वेग तर फक्त ६०. २०१७ च्या मोसमात त्याची इंटिमिडेट ही लपलेली क्षमता अजून मिळतच नव्हती, त्यामुळे त्याला फारसं कोणी विचारलं नाही. २०१८ मध्ये ती मिळाली. मैदानात येताच समोरच्या दोघांच्या शारीरिक हल्ल्याची ताकद दोन-तृतीयांशावर! सोबत फेक आऊट, म्हणजे आल्या आल्या एकाची फेरी वाया घालवायची. पुढे सोर्ड आणि शील्डच्या पिढीत पार्टिंग शॉट मिळाला, म्हणजे समोरच्याला आणखी कमजोर करून स्वतः सुखरूप बाहेर पडायचं. लक्षात घ्या, या सगळ्यात आकडा एकही बदलला नाही. कामं बदलली. आणि मांजर सामान्य माणसाचं थेट संस्थानिक झालं. स्कार्लेट-व्हायोलेटमध्येही डिसेंबर २०२३ च्या विस्तारात ते परतलं आणि लगेच संघासंघांत दिसू लागलं.

तर 'एच'मध्ये मांजर असणारच हे सांगायला ज्योतिषी नको. खरं भाकीत इथून पुढे सुरू होतं. मांजर सगळीकडे असेल, तर मांजराला वैतागणारा कोण?

एक, किंगॅम्बिट. त्याच्या डिफायंट क्षमतेमुळे कोणी त्याची ताकद कमी केली की त्याचा हल्ला दोन पायऱ्या वर चढतो. इंटिमिडेट एक पायरी खाली ओढतं, हा दोन चढतो, हिशेबाने दीडपट. म्हणजे आगीत तेल ओतायला मांजर स्वतःच हजर. दोन, गोल्डेन्गो. त्याच्यावर नुसत्या खोड्या काढणाऱ्या चाली चालतच नाहीत, त्यामुळे पार्टिंग शॉट फुकट. तो भूत प्रकारचा, म्हणून फेक आऊटही आरपार. (अर्थात आग आणि अंधार, मांजराचे हे दोन्ही पंजे त्याला चांगलेच लागतात. एकतर्फी काही नसतं, म्हणून तर मजा आहे.)

तिसरं काम हवामानाचं. पेलिपर मैदानात आला की पाऊस पडतो. एरवी आर्कलुडॉनला इलेक्ट्रो शॉट मारायला एक फेरी तयारी लागते, पावसात ती लागत नाही. शिवाय प्रत्येक वेळी त्याचा विशेष हल्ला एक पायरी वाढतो. म्हणून ही जोडी भाकितात आधी लिहायची. आर्कलुडॉन एकटा नाही, जोडी! ६०० ची बेरीज पेलिपरशिवाय अर्ध्याच कामाची.

मग आर्कलुडॉनला कोण आवरणार? तो पोलाद आणि ड्रॅगन, म्हणजे मार बसणार फायटिंग आणि जमिनीचा. फायटिंगवाल्यांत स्नीझलर बघा. मूळ वेगच १२०. त्यात अनबर्डन, म्हणजे हातातली वस्तू वापरून संपली की वेग दुप्पट. रिलाबूम मैदानात येताच गवत पसरवतो, ग्रासी सीड तिथल्या तिथे वापरलं जातं आणि स्नीझलर सुसाट. रिलाबूमकडेही फेक आऊट आहेच. जमिनीच्या बाजूने ब्लडमून उर्सालुना, जो इतका हळू की ट्रिक रूमवाले त्याला डोक्यावर घेणार.

बघा, एका नोटिशीतून आपण विम्सिकॉट, इन्सिनरोअर, किंगॅम्बिट, गोल्डेन्गो, पेलिपर-आर्कलुडॉन, रिलाबूम-स्नीझलर आणि उर्सालुना इथवर आलो. हे सगळे त्या सीझनमध्ये खरोखरच ठिकठिकाणी दिसले. यात जादू काही नाही. 'मग याला उत्तर काय' हा एकच प्रश्न चारदा विचारला, एवढंच.

आता कोणी म्हणेल, आकड्यांना काहीच किंमत नाही का हो? आहे की. फ्लटर मेनचे विशेष हल्ला, विशेष बचाव आणि वेग तिन्ही १३५ होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिला परवानगी मिळणार म्हटल्यावर ती गाजणार हे आकडे बघून कोणीही सांगू शकत होतं. टोकाचा आकडा हेच एक काम असतं, हे मान्य. पण अशी टोकं एका पिढीत किती? बाकीची यादी मग कशावर करणार?

आणि अगदी उलट टोक बघायचं तर २०१४ चं जगज्जेतेपद आठवा. वॉशिंग्टनमध्ये दक्षिण कोरियाच्या से जुन पार्कने पाचिरिसू नावाची खार संघात घेऊन विजेतेपद नेलं. त्या खारीची बेरीज ४०५! लोक अजून त्याला चमत्कार म्हणतात. मला तो अजिबात चमत्कार वाटत नाही. संघात गॅराडॉस होता, त्याला विजेचा चौपट मार बसतो. खारीकडे फॉलो मी, म्हणजे हल्ले स्वतःकडे ओढून घेणं. आणि व्होल्ट अॅब्सॉर्ब, म्हणजे वीज अंगावर आली की उलट तब्येत सुधारणं. कामाचं वर्णन आधी लिहिलं आणि मग उमेदवार शोधला, तर खारच निवडली जाते. आपल्या हापिसात भरती अशी झाली तर काय बहार येईल! असो.

२०१६ चंही तसंच. त्या मोसमात ग्राउडॉन आणि झर्निअस यांच्याभोवती बांधलेले संघ इतके माजले होते की ठरावीक सहा जणांना 'बिग सिक्स' असं नावच पडलं. सॅन फ्रान्सिस्कोत जिंकला मात्र वुल्फ ग्लिक, क्योगर आणि रेक्वाझा घेऊन. ग्राउडॉनच्या कडक उन्हात पाण्याचे हल्ले विरून जातात, पण रेक्वाझा समोर असला की ते ऊन निष्प्रभ होतं आणि क्योगरचं पाणी ग्राउडॉनला चौपट लागतं. सगळ्यांनी वाचलेली यादी त्यानेही वाचली होती. फक्त त्याने ती प्रश्नपत्रिका म्हणून वाचली.

यातूनच माझा दुसरा मुद्दा येतो. भाकितावर तारीख हवी. पहिल्या आठवड्यात सरळसोट मारधाड करणारे संघ जिंकतात, कारण बचाव कशापासून करायचा हेच कोणाला नीट माहीत नसतं. मग सगळे तीच यादी वाचतात, त्यावर उतारा शोधतात आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात उताऱ्यांचं राज्य येतं. 'हा सर्वोत्तम' हे विधान तारखेशिवाय म्हणजे 'पाऊस पडेल' असं सांगणारं हवामान खातं. कधी पडेल ते सांगा ना!

शिवाय २०२३ पासून मोठ्या स्पर्धांत संघाची माहिती उघड असते. चाली, वस्तू, क्षमता, सगळं समोरच्याला दिसतं. त्यामुळे नुसत्या धक्कातंत्रावर उभी असलेली निवड आता महाग पडते. खार आजही चालेल, पण ती दिसत असूनही काम करत असेल तरच.

एवढं सगळं का लिहितोय? कारण या याद्यांचा खरा तोटा नवख्यांना होतो. दिवसभर नोकरी, आठवड्यातून शनिवारचे चार तास मिळणार. ब्राउझरवर शोडाउन फुकट आहे, उतरायला खर्च नाही. मुलगा किंवा मुलगी यादीतले सहा उचलते, पंधरा सामने हरते आणि 'आपल्याला हे जमत नाही' म्हणून सोडून देते. न जमायला काय झालंय? तिला सहा नावं दिली, पण त्या ९० पर्यायांपैकी कुठला कधी वापरायचा हे कोणी सांगितलं? ज्या यादीत 'का'चा रकाना नाही ती यादी म्हणजे टिपण नसलेला कोड. चालतो तोवर चालतो, बिघडला की कोणाला हात लावता येत नाही.

म्हणून माझा आग्रह आहे की यादी लिहिणाऱ्याने प्रत्येक नावापुढे काम लिहावं आणि ते काम दुसरं कोण करू शकतं तेही लिहावं. आणि खेळणाऱ्याने पाच जागा कंटाळवाण्या, खात्रीच्या प्राण्यांना देऊन सहावी स्वतःच्या अंदाजासाठी ठेवावी. मग निदान तीन आठवडे संघ बदलू नये. हरलात तर कुठलं काम झालं नाही ते शोधा, प्राणी नंतर बदला.

आता भाकीत केल्याशिवाय सोडलं तर तुम्ही म्हणाल, नुसताच उपदेश केला. तर पुढचा नियमसंच कुठलाही येवो, माझी ही चार विधानं लिहून ठेवा. मांजराला परवानगी असेल तर ते पहिल्या पाचांत असेल. पहिल्या पंधरवड्यात पाऊस किंवा ऊन यातली एक जोडी सगळ्यांना रडवेल. महिनाभरात तिच्यावरचा उतारा तिच्याइतकाच लोकप्रिय होईल. आणि आकड्यांच्या यादीत खाली पडलेला, वेग किंवा आडोसा देणारा एक किरकोळ प्राणी मोठ्या स्पर्धेच्या शेवटच्या आठांत दिसेल.

महिन्याने ताडून बघा. आणि तो चौथा कोण असेल याचा तुमचा अंदाज आत्ताच कुठेतरी लिहून ठेवा, कारणासकट :)