'निगेटिव्ह' म्हणजे चांगलं!

आई भारतातून आमच्याकडे आली असताना तिची बायॉप्सी झाली. रिपोर्ट माझ्या दहा वर्षांच्या मुलाने वाचून दाखवला: "आजी, निगेटिव्ह." ती रडूच लागली! खरं तर कॅन्सरच्या पेशी आढळल्या नव्हत्या.

संगणकाच्या संज्ञा आपण घोकतो, मग वैद्यकीय का नकोत? शब्दाचं शेपूट ओळखा: 'आयटिस' म्हणजे दाह, 'एक्टमी' म्हणजे काढून टाकणं, 'स्कोपी' म्हणजे दुर्बिणीने आत पाहणं. बाकीचं डॉक्टरांना विचारा. अमेरिकेत केंद्र सरकारचा निधी घेणाऱ्या रुग्णालयांनी दुभाषा मोफत द्यायचा असतो; तो हक्काने मागा. आजीचा आजार तिला समजावण्याचं ओझं नातवंडांवर नको, असं मला मनापासून वाटतं.