सेवा करणारीचीही विचारपूस हवी

मॉरिशस बेटावर मधुमेह घरोघरी पोचला आहे. २०२१ च्या सरकारी पाहणीत २५ ते ७४ वयाच्या पाच माणसांमागे सुमारे एकाला तो आढळला. त्यातून कित्येकांची मूत्रपिंडे निकामी होतात. मग आठवड्यातून तीनदा, दर खेपेस सुमारे चार तास डायलिसिस. सरकारी रुग्णालयात हा उपचार मोफत मिळतो, ही समाधानाची गोष्ट आहे.

परंतु घरचे काय? पथ्याचा स्वयंपाक, रात्रीची जागरणे, सारे बहुधा सुनेच्या, लेकीच्या नाहीतर पत्नीच्या वाट्याला येते. पाणीसुद्धा मोजून द्यायचे असते. तहानलेल्या सासऱ्यांना ‘पुरे’ म्हणायचे आणि त्यांचा रागही सोसायचा, हे सोपे नाही. थकल्याचे बोलायची तिला लाज वाटते, कारण आपण तिला ‘सेवाभावी’ म्हणून मोकळे होतो. त्या कौतुकानेच तिचे तोंड बंद होते.

बंधुभगिनींनो, आजाऱ्याला भेटायला जाल तेव्हा तिचीही चौकशी करा. घरातील पुरुषांनी आठवड्यातून एक रात्र तरी जागावे. गणेशोत्सवासाठी पाळ्या लावणाऱ्या आपल्या मंडळांना अशा घरांसाठी दोन तासांची पाळी लावणे अवघड नाही, असे आम्हांस वाटते.