‘कोणाला सांगू नका’ म्हणणारा फोन

ऑगस्ट २०२४ मध्ये लुधियानाच्या वर्धमान उद्योगसमूहाचे अध्यक्ष एस. पी. ओसवाल यांना भामट्यांनी दोन दिवस व्हिडिओ कॉलसमोर बसवून ठेवले, सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणी दाखवली आणि सात कोटी रुपये उकळले. ओसवाल तेव्हा ८२ वर्षांचे होते. कोट्यवधींचे व्यवहार करण्यात त्यांची हयात गेली होती. म्हणूनच ‘म्हाताऱ्यांना फोनमधले काही कळत नाही, म्हणून ते फसतात’ हे आपले आवडते निदान आम्हाला पटत नाही.

या ‘डिजिटल अटके’चे खरे हत्यार एका वाक्यात आहे : ‘हे कोणालाही सांगू नका, मुलांनाही नाही.’ आधी तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडल्याचे किंवा आधार क्रमांकाचा गैरवापर झाल्याचे सांगायचे आणि मग माणसाला घरच्यांपासून तोडायचे. वास्तविक अशा अटकेची तरतूद आपल्या कायद्यात कोठेही नाही. हरियाणातील अंबाला येथील एका वृद्ध दांपत्याला न्यायालयाचे बनावट आदेश दाखवून एक कोटीहून अधिक रकमेला लुबाडण्यात आले, तेव्हा ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि डिसेंबरात अशा प्रकरणांचा तपास सीबीआयकडे सोपवला.

न्यायालय आपले काम करील. आमची चिंता घरातली आहे. मुले आखातात वा कॅनडात, आणि वाडीतल्या घरी दोघेच वृद्ध, हे चित्र वसईत नवे नाही. नातवंडाचा चेहरा दिसतो तो फोनमध्येच. तो फोन मुलगा नाताळच्या सुट्टीत घाईघाईने सुरू करून देतो. पुढे आईने तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला, की ‘किती वेळा सांगायचे?’ असे उत्तर मिळते. जिला साधी गोष्ट विचारायची चोरी, ती पोलिसी गणवेशातल्या माणसाने धमकावल्यावर कोणाला विचारणार?

भीतीपोटी त्यांच्या हातचा फोन काढून घेणे हा तर उपाय नव्हेच. शिकवताना बोट त्यांचे चालू द्यावे, आपले नव्हे. (आम्हालाही हा मोह आवरत नाही, हे कबूल करतो.) मोठ्या अक्षरांत वहीत लिहून द्यावे : पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआय पिन लागत नाही, ओटीपी बँकेलाही सांगायचा नाही, अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून कोणतेही अ‍ॅप घ्यायचे नाही. बोलणाऱ्याचे वाक्य अर्धवट तोडून फोन बंद करणे आपल्या सभ्य पिढीला जड जाते. त्याचाही घरात सराव व्हावा.

इतके करूनही पैसे गेलेच, तर तत्काळ १९३० हा क्रमांक फिरवावा. ओसवाल यांच्या प्रकरणात तक्रारीनंतर पोलिसांनी खाती गोठवल्याने सुमारे सव्वापाच कोटी रुपये हाती लागले. रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात पळत असते, तेव्हा एकेक तास मोलाचा असतो, आणि आमच्या घरांत तो बहुधा ‘तुम्ही असे केलेतच कसे?’ या प्रश्नात जातो.