मागून धडकला, म्हणजे त्याचीच चूक?

संध्याकाळी सहाच्या सुमारास पळस्पे फाट्यावर कधी अडकला आहात? उरणच्या बंदराकडून येणारे कंटेनर, गोव्याकडे निघालेल्या गाड्या, पुण्याला जाणारे, आणि या सगळ्यांच्या मधून वाट काढणारी आपली पनवेलची रिक्षा. गेल्या पावसाळ्यात तिथंच आमच्या गाडीला मागून एक टेम्पो धडकला. गाडी मी चालवत होते. मागच्या सीटवर शेजारच्या वहिनी, मांडीवर ब्लाउजपिसांची पिशवी. आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज त्याच शिवतात. पुढची एसटी थांबली म्हणून मी ब्रेक दाबला आणि पाठीमागून धाडकन आवाज!

मी उतरेपर्यंत टेम्पोवाला ओरडायलाही लागला होता, "ओ ताई, असा ब्रेक मारतात का?" जमलेल्या चार माणसांपैकी तिघांनी माना डोलावल्या. बाई गाडी चालवतेय म्हटल्यावर चूक कोणाची हे ठरवायला पंचनामा कशाला हवा! चौथा मात्र म्हणाला, "मागून ठोकलं ना, मग मागच्याचीच चूक." शेवटी टेम्पोवाल्याने दोन हजार रुपये काढले आणि एका कागदावर आम्हा दोघींच्या सह्या घेतल्या, 'आमची काही तक्रार नाही.' पाऊस होता, घरी मुलं वाट बघत होती. आम्ही सह्या केल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींची मान वळेना. पुढचे तीन महिने त्या मशीनवर बसल्या नाहीत.

तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागले. तो चौथा माणूस बरोबर होता का? बऱ्याच अंशी होता. १९८९ च्या रस्ते नियमावलीत नियम २३ होता. पुढच्या गाडीने अचानक वेग कमी केला किंवा ती थांबली तरी धडक होणार नाही, इतकं अंतर मागच्याने ठेवायचं. आता त्या जागी २०१७ ची नियमावली आली आहे, पण तत्त्व तेच. २०१८ मध्ये निशान सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच नियमावर बोट ठेवलं. ट्रकला मागून धडकलेल्या मारुतीत आणि त्या ट्रकमध्ये जेमतेम १०-१५ फुटांचं अंतर होतं. ट्रकने अचानक ब्रेक मारला हे म्हणणं टिकलं नाही, दोष मारुतीच्या चालकावर गेला.

आपल्याकडचं उदाहरण सगळ्यांना आठवत असेल. १४ ऑगस्ट २०२२ च्या पहाटे शिवसंग्रामचे नेते विनायक मेटे द्रुतगती मार्गावर पनवेलच्या अलीकडेच गेले. त्यांची गाडी पुढच्या ट्रकला मागून धडकली होती. तपास सीआयडीकडे गेला आणि पुढे गुन्हा दाखल झाला तो त्यांच्याच गाडीच्या चालकावर.

पण याला दुसरी बाजू आहे, आणि तीच आपल्याला कोणी सांगत नाही. त्याच जुन्या नियमावलीत पुढचाच नियम, २४ वा, असा होता की सुरक्षिततेसाठी गरज असल्याशिवाय पुढच्याने अचानक ब्रेक मारू नये. कोइम्बतूरचा एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी जानेवारी २०१७ मध्ये मोटरसायकलवरून चालला होता. हायवेवर पुढची कार एकदम थांबली, तो मागून तिच्यावर आदळून पडला आणि मागून आलेली बस त्याच्या पायावरून गेली. त्याला डावा पाय गमवावा लागला. कारवाल्याचं म्हणणं, गरोदर बायकोला उलटीची भावना झाली म्हणून थांबलो. आपल्यापैकी कोणालाही हे कारण पटेल. न्यायालयाला मात्र पटलं नाही. हायवेवर थांबायचं तर मागच्यांना इशारा द्यायलाच हवा, असं सांगून जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कारचालकाचा दोष ५० टक्के धरला, बसचालकाचा ३० आणि मुलाचा स्वतःचा २० टक्के. भरपाई ठरली सुमारे १.१४ कोटी, त्यातून त्याच्या चुकीचे २० टक्के वजा झाले.

म्हणजे मागून धडकणाऱ्याकडे संशयाची सुई पहिल्यांदा जाते, पण ती तिथंच थांबते असं नाही. पुढच्या गाडीचे मागचे दिवे बंद होते का, ती भर रस्त्यात उभी होती का, मुळात तिला त्या रस्त्यावर यायची परवानगी होती का, हे सगळं बघितलं जातं. शेडुंगजवळ ५ जून २०१६ ला बंद पडून थांबलेल्या गाड्यांवर मागून बस आली आणि १७ जीव गेले. जुलै २०२४ मध्ये डोंबिवलीकडून पंढरपूरला आषाढीसाठी निघालेल्या वारकऱ्यांची बस पनवेलजवळ द्रुतगती मार्गावर ट्रॅक्टरला धडकून खाली कोसळली, पाच जण गेले. बस मागून धडकली खरी, पण या रस्त्यावर ट्रॅक्टरला बंदी आहे हे टोल भरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. अशा अपघातात एकट्या मागच्याला दोष देऊन मोकळं होता येत नाही.

मैत्रिणींनो, आपण बहुतेक वेळा स्टिअरिंगवर नसतो, मागच्या सीटवर असतो. म्हणून खरी महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. दोन चालकांत चूक कोणाची किती, हे भांडण प्रवाशाचं नाही. दोघांचीही चूक असेल तर प्रवासी कोणा एकाकडून पूर्ण भरपाई मागू शकतो, त्या दोघांनी आपसात नंतर वाटून घ्यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये खेन्येई खटल्यात स्पष्ट केलं आहे.

इथं आमच्या वहिनी अडल्या. वकील म्हणाले, "अर्जात दोन्ही गाड्यांचे मालक आणि विमा कंपन्या घाला." वहिनींचा चेहरा उतरला. "तुमच्याविरुद्ध कशी लिहू हो मी? उद्या दारात उभं राहायला तोंड राहील का?" दोन दिवस त्या माझ्याकडे फिरकल्याच नाहीत. शेवटी मीच गेले आणि सांगितलं, माझं नाव घाला, पैसे माझ्या घरातून जाणार नाहीत, विम्यातून जातील. सामनेवाली नंबर तीन म्हणून माझं नाव तिथं लागलं आहे, आणि आम्ही आजही एकाच ताटात कुरडया वाळत घालतो.

हे मी ठामपणे म्हणू शकले, कारण माझी पॉलिसी पॅकेज, म्हणजे सर्वसमावेशक होती. नुसती थर्ड पार्टी असती तर बोलतीच बंद झाली असती. खासगी गाडीत बसलेल्या माणसांना नुसत्या थर्ड पार्टी विम्याचं संरक्षण नसतं, पॅकेज पॉलिसीत असतं. हा फरक २०१२ च्या बालकृष्णन खटल्यात अधोरेखित झाला. स्कूटरवर मागे बसणाऱ्यांनाही हाच नियम. चार पैसे वाचवायला यजमानांनी कोणती पॉलिसी घेतली आहे, ते आजच कपाट उघडून बघा. यात मागच्या सीटवर आपणच असतो.

आणि तो सहीचा कागद? त्याने दार कायमचं बंद होतं असं नाही, पण समोरच्या वकिलाच्या हाती आपण आयतं कोलीत देतो. मानेचं, पाठीचं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डोकं वर काढतं. त्यामुळे जागेवर कितीही घाई असली तरी दोन्ही गाड्यांचे नंबर दिसतील असे फोटो काढा, त्याच दिवशी पोलिसांत नोंद करा आणि डॉक्टरांना 'गाडीच्या अपघातात लागलं' असं केसपेपरवर लिहायला लावा. आम्ही चौथ्या दिवशी गेलो, तर तिथल्या हवालदारांनी पहिला प्रश्न विचारला, "एवढे दिवस कुठं होतात?" उत्तर नव्हतं. उपचाराला पैसे नाहीत म्हणून कोणी थांबू नका. मे २०२५ पासून केंद्राची योजना आहे, अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार रोख न भरता मिळतात.

दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करायचा. अपघात पनवेलला झाला आणि तुम्ही राहता साताऱ्याला, तर साताऱ्यातही करता येतो, हेलपाटे घालायला नकोत. एप्रिल २०२२ पासून त्याला सहा महिन्यांची मुदत आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर बसू नका. चूक कोणाची याच्या वादात न पडता मिळणारी रक्कमही कायद्यात आहे, मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख. गाडी पळूनच गेली, तर मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार.

आता ज्याने मला सगळ्यात जास्त चीड आली ते. विम्याच्या चौकशीला आलेल्या माणसाने वहिनींच्या यजमानांना विचारलं, "बाई काय करतात?" ते सहज म्हणाले, "काही नाही, घरीच असतात." मशीन त्यांच्या पाठीमागेच होतं! कायद्याच्या जुन्या परिशिष्टातही गृहिणीचं उत्पन्न नवऱ्याच्या उत्पन्नाच्या एक तृतीयांश धरलं जाई. २००१ मध्ये लता वधवा खटल्यात गृहिणीच्या कामाची किंमत महिना तीन हजार धरली गेली, तेव्हा ते पुढचं पाऊल होतं. २०१० मध्ये न्यायालयाने जनगणनेवरच ताशेरे ओढले, कारण घरकाम करणाऱ्या बायकांना तिथं भिकाऱ्यांबरोबर 'काम न करणाऱ्यां'त मोजलं होतं. जानेवारी २०२१ मध्ये कीर्ती खटल्यात न्यायमूर्ती रमणा यांनी २०१९ च्या सरकारी पाहणीचा आधार घेतला. बायका रोज सरासरी २९९ मिनिटं बिनपगारी घरकाम करतात आणि पुरुष ९७. जवळजवळ पाच तास! तेव्हा कोणी विचारलं तर 'घरीच असते' म्हणू नका. काय काय करता ते सांगा, बंद पडलं तेव्हा स्वयंपाकाला, धुण्याला कोणाला किती पैसे दिले तेही सांगा.

वहिनींचा अर्ज सहाव्या महिन्यात, मुदत संपायला अकरा दिवस उरले असताना दाखल झाला. वकिलांनी कमाईचा पुरावा मागितला. पावतीबुक नाही, बँकेत जमा नाही. मग त्यांनी पिशवीतून मापांची वही काढली. नाव, माप, तारीख, शिलाई, अॅडव्हान्स, सगळं पेन्सिलीने लिहिलेलं, चार वर्षांचं. मधले तीन महिने कोरे. वकिलांनी चष्मा लावून पानं उलटली आणि म्हणाले, "पेन्सिलीचं पुसेल, आधी झेरॉक्स काढून आणा." पुढची तारीख दोन महिन्यांनी आहे.