प्रश्न कोणी कोणाला विचारायचा?

धर्मग्रंथाला प्रश्न विचारला की श्रद्धेला तडा जातो, हा समज आपल्याकडे चांगलाच मुरला आहे. महदाइसेसारखी चिकित्सक शिष्या ज्या महानुभाव परंपरेने वंदनीय मानली, तिच्या विदर्भात तरी तो रुजायला नको होता. ज्यू परंपरेत तर प्रश्न हा उपासनेचाच भाग आहे. इजिप्तच्या दास्यातून झालेल्या सुटकेचे स्मरण म्हणजे पेसाह. आजची रात्र निराळी का, हे घरातल्या धाकट्याने त्या रात्री विचारायचे आणि वडीलधाऱ्यांनी उत्तरादाखल सुटकेची कथा सांगायची. ज्याला विचारताच येत नाही, त्या मुलाशी बोलणे वडिलांनीच सुरू करावे, असाही दंडक आहे.

हे प्रश्न मराठीतही उमटले. कोकणातले बेने इस्रायल शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून ‘शनवार तेली’ म्हणवले गेले. तोराची पोथी हाती नसतानाही शब्बाथ, सुंता, आहाराचे निर्बंध आणि ‘शमा’ ही प्रार्थना यांच्या बळावर त्यांनी आपला धर्म राखला. पुढे १८७४ साली पुण्यात हिब्रू मूळ आणि मराठी भाषांतर असलेला हगादा, म्हणजे पेसाहच्या रात्रीची पोथी, छापून निघाला. त्यातील चित्रांत बिनखमिराची भाकर करणाऱ्या स्त्रिया भारतीय वेशात आहेत.

पण १९६२ साली इस्रायलमध्ये प्रश्नाची दिशा उलटली. घटस्फोटाचे धर्मपत्र, निपुत्रिक विधवेला दिराकडून मोकळीक देणारा विधी हे नियम या समाजात पूर्वी पाळले गेले होते काय, अन्य धर्मीयांशी विवाह झाले होते काय, अशा शंका घेऊन तेथील मुख्य धर्मपीठाने विवाहेच्छूंच्या मागील पिढ्यांची चौकशी करण्याचा आदेश काढला. ज्यांनी पोथीवाचून धर्म जगवला, त्यांच्याकडेच पुरावा मागितला गेला. निदर्शने झाली, संसदेत चर्चा झाली आणि १९६४ मध्ये आदेशातून या समाजाचे नाव वगळावे लागले.

तोरा प्रश्नांना भीत नाही, हे खरेच. तथापि ग्रंथाला विचारलेला प्रश्न आणि माणसाच्या कुळाला विचारलेला प्रश्न यांत अंतर आहे. पहिल्याने अर्थ उलगडतो, दुसऱ्याने उंबरठ्यावर पहारा बसतो. जातीची चौकशी आडनावापासून सुरू करणाऱ्या आपल्या समाजाला हे अंतर वेगळे समजावून सांगण्याची गरज पडू नये.